नाताळच्या सजावटीची यादी परत पाठवते आहे

चि. बाळास,

सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. सहा फुटी झाड, झाडावरचे गोळे, दाराला लावायचं हिरवं चक्र, बाल्कनीत पडद्यासारख्या सोडायच्या दिव्यांच्या माळा, सोफ्याच्या उशांना लाल अभ्रे, जिन्याच्या कठड्याला झालर आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. मला त्या ‘इतर’चीच जास्त भीती वाटते. घराचा हप्ता आत्ता कुठे सुरू झालाय, पोरांच्या फिया भरून झाल्यात, आणि तू विचारतोस, ‘आई, यातलं काय गाळू ते सांग.’

गाळायला बसलं तर बरंच गाळता येईल रे. पण अशी काटछाट केलेली सजावट अर्धवट दिसते. मग जे आणलं त्यापेक्षा जे आणलं नाही तेच महिनाभर डोळ्यांपुढे येत राहतं. तेव्हा यादी परत पाठवते आहे. तिच्यावर खाटखूट करू नकोस, ती बाजूला ठेव आणि आधी कॅलेंडर काढ.

नाताळआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो. आणि सण काही 25 तारखेला संपत नाही, तीन राजे बाळ येशूला बघायला आले त्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे तुझ्या हातात पाच आठवडे तरी आहेत. एका संध्याकाळी सगळं घर सजवायचं म्हटलं की सगळं विकत आणावंच लागतं, कारण हाताने करायला वेळच उरत नाही. तेच दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं तर पैसे कमी लागतात, आणि पोरांना रोज काहीतरी बघायला मिळतं. तुझ्याकडे यंदा पैसे कमी आहेत, दिवस कमी नाहीत.

हे माझ्या पदरचं नाही. आगमनकाळात टेबलावर ठेवतात ते मेणबत्त्यांचं हिरवं चक्र, जे हल्ली दुकानातून तयार आणतात, त्याची सुरुवात जर्मनीत हॅम्बुर्गला गरीब मुलांच्या एका आश्रमात झाली. योहान विचर्न नावाचे पाळक तो आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं रोज त्यांच्या मागे लागत असं सांगतात. 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक नवी पेटवायची. पानं-फांद्या नंतर आल्या, रिबिनी त्याच्याही नंतर. मूळ वस्तू काय, तर एक जुनं चाक आणि मेणबत्त्या.

तुला चाकही नको. घरातली एक पसरट थाळी घे, तिच्यात दोन बोटं वाळू भर आणि चार जाडसर मेणबत्त्या खोचून उभ्या कर. भोवती हिरवा पाला ठेवायचा असेल तर ताजा ठेव आणि सुकला की बदल, ज्योतीशेजारी वाळका पाला नको. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी ती आणि शेजारची, असं करत चौथ्या रविवारी चारही. जेवण होईपर्यंत जळू द्यायच्या आणि टेबलावरून उठताना विझवायच्या, मोठं माणूस खोलीत नसेल तर लावायच्याच नाहीत. चौथ्या आठवड्यापर्यंत पहिली मेणबत्ती झिजून बुटकी होते, दुसरी तिच्याहून थोडी उंच, तिसरी आणखी, चौथी कोरी. असा छान जिना तयार होतो. सारख्या दिसाव्यात म्हणून मेणबत्त्यांची जागा बदलू नकोस, तो जिनाच बघण्यासारखा असतो.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगते. दिव्यांवर. बाकी सगळं कागदाचं, पुठ्ठ्याचं, फांदीचं चालेल, दिव्यांची माळ मात्र चांगली घे. तुमच्या माळ्यावर जुन्या पद्धतीच्या बारीक बल्बांच्या माळा पडल्या असतील तर त्या मोहाने बाहेर काढू नकोस. तसली शंभर बल्बांची माळ साधारण 40 वॅट खाते, एलईडीची तेवढीच माळ 6 वॅटच्या आसपास. रोज पाच तास असे तीस दिवस लावली तर जुनीला सहा युनिट लागतात, नवीला एक युनिटही पुरं लागत नाही. एका माळेपुरता हा फरक किरकोळ वाटेल, पण तुला बाल्कनीत चार माळा सोडायच्या आहेत. शिवाय जुनी माळ तापते, आणि घरात सगळीकडे कागद लटकणार आहे.

घेताना खोक्यावर रंगाचा आकडा बघ. 2700 केल्विनच्या आसपास असेल तर उजेड पिवळसर, उबदार पडतो. 6000 च्या पुढचा निळसर पांढरा उजेड दवाखान्यात बरा. बाल्कनीसाठी घेशील ती उघड्यावर लावण्याजोगी असू दे, खोक्यावर आयपी 44 किंवा त्याहून मोठा आकडा हवा. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा किती माळा जोडता येतात तेही खोक्यावर असतं, त्याच्या पुढे जाऊ नकोस. वायरीवरून खिळा ठोकायचा नाही, दाराच्या फटीत चिरडली जाईल अशी वायर न्यायची नाही. तुझे बाबा हेच सांगतील, पण त्यांना सांगायला अर्धा तास लागेल.

झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडवर्ड जॉन्सन यांनी, 1882 साली न्यूयॉर्कमध्ये. एडिसनच्या कंपनीतले गृहस्थ. लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 बल्ब हाताने वायरी जोडून लावले होते, आणि झाड स्वतःभोवती फिरत होतं. ती श्रीमंताघरची नवलाई होती. आज सजावटीतली सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त दिसणारी वस्तू तीच आहे, फक्त एक अट पाळायची, खोलीतली ट्यूबलाइट बंद करायची. लोक माळा लावतात, चांदणी लावतात आणि वर छताला ट्यूब ढणढणत ठेवतात. मग काही उठून दिसत नाही आणि म्हणतात, अजून एक माळ आणायला हवी. संध्याकाळी सात वाजता ट्यूब बंद, कोपऱ्यातला एखादा टेबललॅम्प चालू आणि माळ लाव, मग सांग मला आणखी एक लागते का. खिडकीच्या काचेला आतून माळ लावलीस तर रात्री काचेत तिचं प्रतिबिंब पडतं आणि एकीच्या दोन दिसतात. आरशासमोर लावलीस तरी तेच. रिकाम्या काचेच्या बरणीत एखादी बॅटरीची छोटी माळ कोंबून कपाटावर ठेव, तेवढ्याने तो कोपरा झाला.

बाल्कनीचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे. पडद्यासारख्या माळा चार घेण्यापेक्षा कठड्यावरून एकच माळ सरळ, ताणून बांध. दर वीतभर अंतरावर दोऱ्याची गाठ मार. लोंबकळणारी माळ गरीब दिसते, ताणलेली नीटनेटकी दिसते, आणि ताणायला पैसे पडत नाहीत. पण सूनबाईचं मन त्या पडद्यावर असेल तर तिथे माझं ऐकू नकोस. यादीतली एक वस्तू तिच्या मनासारखी येऊ दे, किमतीवरून कुरकुर न करता. काटकसरीत घरातल्या एकाच माणसाच्या हौशीला कात्री लागली की ती काटकसर पुढे फार महाग पडते.

झाड. सहा फुटी प्लास्टिकचं झाड घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, दहा-पंधरा वर्षं वापरणार असशील तर ते परवडतंही. पण यंदा नको. एक तर ते ठेवायला जागा लागते, सणानंतर त्याच्या खोक्यालाही लागते. आणि मोठं झाड आलं की ते भरावं लागतं. दाट झाडाला दर फूट उंचीमागे शंभर दिवे असा एक ठोकताळा आहे, म्हणजे सहा फुटांना सहाशे दिवे, आणि मग गोळ्यांची डझनावारी खरेदी. झाड स्वतः जेवढं मागत नाही तेवढं त्याचे दागिने मागतात.

त्यापेक्षा वाळून खाली पडलेली, बऱ्याच फाट्यांची एक फांदी शोधून आण. झाडावरची तोडू नकोस. बादलीत वाळू आणि दगड भरून ती उभी कर, बादलीला बाहेरून खाकी कागद गुंडाळ. फांदी हलवून बघ, बादलीसकट डुलत असेल तर अजून दगड घाल, कारण धाकटी तिला लोंबकळणार आहे हे धरून चाल. एका माळेत अशी फांदी भरते. पानं नसल्यामुळे प्रत्येक वस्तू सुटी दिसते, म्हणून दहा-बारा वस्तू पुरतात. आणि ती जमिनीवर नको, स्टुलावर ठेव. तीन फुटांची फांदी स्टुलावर चढली की माणसाच्या उंचीला येते, आणि खाली पोरांच्या भेटवस्तूंनाही जागा होते. कुणी नाक मुरडलं तर सांग, राणी व्हिक्टोरियाचं झाडही टेबलावरच होतं. 1848 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी, तिचा नवरा आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं, आणि ते बघूनच पुढे घरोघरी झाड ठेवायची टूम निघाली. त्या चित्रातलं झाड टेबलावर आहे.

कुंडीत वाढवलेलं एखादं झाड घरात असेल तर फांदीचीही गरज नाही, त्यालाच सजव. फक्त माळ हलकी आणि न तापणारी हवी, आणि पाणी घालताना प्लग काढ.

आता कागद. हे काम पोरांवर सोपव. साखळीचा हिशेब मी करून ठेवलाय, म्हणजे अर्धवट झाल्यावर कागद संपला असं व्हायला नको. ए-फोर कागद आडव्या बाजूने कापलास तर 21 सेंटिमीटर लांबीच्या, सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नऊ पट्ट्या निघतात. एक सेंटिमीटर एकावर एक चिकटवायला सोडलं की प्रत्येकीचं सव्वासहा सेंटिमीटरहून थोडं मोठं कडं होतं. चार मीटरच्या साखळीला त्रेसष्टच्या आसपास कडी लागतात, म्हणजे सात कागद. थोरल्याला हा भागाकार करायला लाव, मी उत्तर दिलंय ते सांगू नकोस. रंगीत कागदच हवा असं नाही. जुन्या मासिकांची पानं, पार्सलचा खाकी कागद, एका बाजूला छापलेले ऑफिसचे कागद, काहीही. मात्र रंग ठरवून घ्या, दोनच. खाकी आणि लाल, किंवा पांढरा आणि हिरवा. घरातलं सगळं सामान वेगवेगळ्या ठिकाणाहून गोळा केलेलं असलं तरी दोन रंगांत बांधलं की ते एका घरचं वाटतं. पाच रंग आले की तीच साखळी वाढदिवसाची होते.

चिकटवायला खळ कर, पिठात पाणी घालून चटका द्यायचा आणि ढवळत राहायचं. बाजारचा गोंद धाकटीच्या केसांतून निघत नाही, खळ कोमट पाण्याने निघते. आणि साखळी एका रात्रीत पुरी करू नका. रोज जेवणानंतर दोन-तीन कडी जोडायची. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला ती दाराच्या चौकटीवरून सुरू होईल, आणि नाताळपर्यंत खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागेल. किती दिवस राहिले हे पोरांना तुला विचारावंच लागणार नाही, उरलेली रिकामी भिंत बघितली की कळेल.

थोरल्याचं भूमितीत लक्ष असेल तर त्याच्याकडून चांदणी करून घे. मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची टोकदार, चहूबाजूंनी किरणं फुटलेली कागदी चांदणी असते ना, ती मूळ शाळेतली आहे. जर्मनीतल्या नीस्की गावी मोरेव्हियनांच्या मुलांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमिती शिकवताना ती करून घेत. नेहमीच्या चांदणीला पंचवीस टोकं असतात, सतरा चौकोनी बुडाची आणि आठ त्रिकोणी बुडाची, सव्विसाव्या जागी लटकवायची सोय. ती पहिल्या फटक्यात जमणार नाही. थोरल्याला आधी चौकोनी बुडाचं एकच टोक करू दे, जाड कागदावर आखून, दुमडीवर बोथट सुरीने रेघ ओढून, मग दुमडून. ती रेघ ओढली नाही तर कागद हवा तिथे दुमडत नाही आणि टोक वाकडं येतं. अशी सहाच टोकं पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्याच्या सहा बाजूंना चिकटवली तरी चांदणी होते. पंचवीसचं पुढच्या वर्षी बघता येईल.

ग्लिटर मात्र घरात आणू नकोस. ते प्लास्टिकचं असतं, फरशीच्या फटीतून महिनोन्‌महिने निघतं आणि ते लागलेला कागद रद्दीतही चालत नाही. वेष्टनाचा कागद घेताना तो मुठीत चुरगाळून बघ. चुरगाळलेलाच राहिला तर सहसा तो नुसता कागद असतो, उलगडून पुन्हा सपाट झाला तर त्यावर प्लास्टिक आहे. स्प्रेचा खोटा बर्फही नको. अभ्रे नकोत, त्यावर फक्त नाताळ छापलेला असतो आणि अकरा महिने ते कपाटात बसतात. तुमच्याकडची साधी लाल किंवा हिरवी ओढणी उशीला गुंडाळून मागे गाठ मारली की काम होतं.

गोठ्याबद्दल, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याबद्दल, मात्र सविस्तर लिहिते, कारण तुझ्या यादीत तो नव्हताच. झाड, गोळे, झालर सगळं होतं, गव्हाण नव्हती. घरी जो गोठा आहे तो मी तुला पाठवणार नाही. तो इथेच राहील, त्या मेंढपाळाचा हात पुन्हा निखळलाय आणि बाबांनी तो यंदाही उलटा चिकटवलाय. तुम्ही तुमचा करा.

पुठ्ठ्याचं एक खोकं आडवं ठेव, तोंड समोर. आतून काळा किंवा गडद निळा कागद, वर थोडं गवत, मागच्या बाजूला भोक पाडून त्यातून माळेचा एकच दिवा आत. उजेड मागून आला की साध्या पुठ्ठ्याच्या बाहुल्याही चांगल्या दिसतात, कारण त्यांची फक्त आकृती दिसते आणि धाकटीने काढलेले डोळे कुणाला दिसत नाहीत. मूर्ती विकत घ्यायलाच हव्यात असं नाही. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा गवत भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव एवढंच मांडलं होतं. बैल आणि गाढव खरे होते, तेवढं तुम्हाला परवडणार नाही.

आता यात दिवस कसे वापरायचे ते बघ. पहिल्या आठवड्यात गोठा रिकामा. दुसऱ्या आठवड्यात जनावरं. तिसऱ्यात मेंढपाळ, पण लांब, कपाटाच्या दुसऱ्या टोकाला. चौथ्यात मरिया आणि योसेफ. गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामीच, बाळ येशू पोरांनी झोपायच्या आधी ठेवायचा. आणि तीन राजे त्या रात्री गोठ्यात नकोतच. ते तेव्हा कुठे स्वयंपाकघरातून निघालेत. रोज रात्री थोडे पुढे सरकवायचे, फ्रिजवरून पुस्तकांच्या फळीवर, तिथून टीव्हीच्या मागे, मग जिन्याच्या पायरीवर, आणि 6 जानेवारीला गोठ्यात पोचायचे. पोरं सकाळी उठल्या उठल्या राजे कुठे आले ते शोधतात. नाताळ झाल्यावर घरात जी एक मरगळ येते, भेटवस्तू उघडून झाल्या आता काय, तीही यात निघून जाते. एवढ्या दिवसांच्या सजावटीला पुठ्ठ्याचे तीन तुकडे लागले.

जिन्याचा कठडा मोकळा सोड. दाराला एक फांदी आणि लाल फीत बांध, पुरे.

सण झाला की दुकानांतून उरलेला माल कमी भावात निघतो. पुढच्या वर्षीची माळ तेव्हा घे, पण मोजमाप घेऊन जा, नाहीतर स्वस्त म्हणून आणलेली माळ दोन हात कमी पडते आणि मग दुसरी आणावी लागते. यंदाची माळ उतरवताना पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळ, प्लगचं टोक बाहेर ठेव आणि आधी एकदा लावून सगळे दिवे लागतात का बघ. न लागणारी गुंडाळून ठेवण्यात अर्थ नाही. खोक्यावर जाड अक्षरात ‘नाताळ, बाल्कनी’ असं लिही. तुझ्या हस्ताक्षरात नको, सूनबाईला लिहायला सांग.

बाल्कनीच्या कठड्याची लांबी आणि सर्वांत जवळचा प्लग किती अंतरावर आहे ते मोजून कळव, बाबा बाजारात जाणार आहेत. थोरल्याला आणि धाकटीला पापे. सूनबाईला सलाम सांग.

तुझी
आई

ता. क. धाकटीला झाडावर टांगायला काही करायचं असेल तर मिठाच्या पिठाची चित्रं करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, आणि पाणी वाटीभर, पण ते थोडं थोडं घालत. पाव इंच जाडीच्या चकत्या लाटून कापायच्या आणि ओल्या असतानाच दोऱ्यासाठी स्ट्रॉने भोक पाडायचं, वाळल्यावर पाडायला गेलं की तुकडा पडतो. दमट हवेत त्या पुन्हा मऊ पडतात, म्हणून रंगवून वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. आणि त्या फांदीच्या वरच्या बाजूलाच टांगा, तुमच्या कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.